कॉलर काढली की घोड्याची खोड परत येते: कारणे कुठे शोधावीत आणि काय करावे

घोडबंदर रस्त्यालगतच्या आणि येऊरच्या पायथ्याकडच्या तबेल्यांतून, तसेच खारघर-तळोजा भागात हौसेने एखाददुसरा घोडा बाळगणाऱ्यांकडून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. दाराला लाथा मारणाऱ्या, अंगावर दात टाकणाऱ्या किंवा गव्हाण कुरतडणाऱ्या घोड्याच्या मानेला रिमोटवर चालणारी इलेक्ट्रॉनिक कॉलर बांधली, आठवडा-पंधरवडा घोडा अगदी गुणी झाला, आणि कॉलर उतरवताच पहिले पाढे पंचावन्न. मग कॉलर पुन्हा चढते, झटक्याची पातळी एकेक आकडा वर सरकते आणि काही दिवसांनी तीच तक्रार नव्याने सुरू होते.

कॉलरची रचना साधी असते. पट्ट्यावरच्या डबीला आतल्या बाजूने धातूची दोन टोके असतात. ती केसांतून कातडीला टेकतात आणि रिमोटचे बटण दाबले की त्या दोन टोकांमधल्या कातडीतून क्षणभर वीज जाते. अनेक कॉलरींत नुसता आवाज किंवा नुसते कंपन देण्याचीही सोय असते. म्हणजे हे यंत्र घोड्याला एवढेच कळवू शकते, की आत्ता जे घडत होते त्याच्या पाठोपाठ काहीतरी वाईट झाले. त्याऐवजी काय करावे हे ते शिकवत नाही, आणि घोडा तसे का वागत होता या प्रश्नाला तर ते शिवतही नाही. खोड परत येण्याची बहुतेक कारणे या दोन उणिवांत सापडतात, त्यामुळे बॅटरी आणि पातळी तपासण्याआधी खोडीची जात ठरवणे आवश्यक आहे.

खोड कोणत्या जातीची आहे

काही खोडी घोडा काहीतरी मिळवण्यासाठी करतो. चंदीच्या म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या वेळी दारावर लाथ मारणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, माणसाच्या खिशाशी झोंबून हळूच चावा घेणे, शेजारच्या घोड्याच्या अंगावरची झूल ओढणे हे सारे या जातीत मोडते. अशा वागण्याला स्पष्ट सुरुवात असते आणि मागे एखादा फायदाही असतो. कॉलरचा उपयोग झालाच तर इथे होतो, आणि तोही फायदा बंद केल्यानंतर.

दुसऱ्या जातीत गव्हाणीच्या कडेवर वरचे दात रोवून मान ताणणे आणि घशात हवा ओढणे, दारात उभे राहून या पायावरून त्या पायावर झुलत राहणे आणि ठाणात, म्हणजे घोडा बांधायच्या जागेत, गोल गोल फिरणे या खोडी येतात. यांतून घोड्याला बाहेरून काहीही मिळत नाही. चाऱ्याची कमतरता, पोटातले आम्ल, एकटेपणा आणि तासन्‌तास ठाणबंद राहणे यांतून त्या उगवतात आणि एकदा मुरल्या की मूळ कारण गेले तरी काही अंशी टिकून राहतात. झटका देऊन त्या दाबता येतात, पण मोडता येत नाहीत.

तिसरी जात दुखण्याची किंवा भीतीची आहे. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना मागे वळून चावणे, पोटाजवळ खरारा (अंग घासायचा ब्रश) नेला की पाय झाडणे, आतापर्यंत शांत असलेल्या घोड्याने अचानक पाठीवर बसू न देणे यांना खोड म्हणणेच अन्यायाचे आहे. खोगिराखालची जखम, दाढांची धारदार कड, पाठीचे दुखणे किंवा जठरातला व्रण यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा घोड्याला झटका दिला तर मुळात दुखणाऱ्या जागी आणखी एक दुखणे जोडले जाते आणि तो पुढच्या वेळी इशारा न देता हल्ला करतो. या जातीच्या घोड्यावर कॉलर अजिबात वापरू नये.

लाथेचा नेमका क्षण

दारावर लाथ मारणारा घोडा चंदीच्या वेळी नीट पाहावा. बादलीच्या कडीचा आवाज येतो, कान पुढे होतात, मान दारावरून बाहेर येते. मग तो अंगाचा भार एका पुढच्या पायावर टाकतो, दुसऱ्या बाजूचा खांदा सैल पडतो, गुडघा उचलला जातो आणि नाल पत्र्यावर आदळतो. गुडघा उचलला गेल्यापासून नाल आदळेपर्यंतचा अवधी पापणी लवते न लवते एवढाच असतो, आणि झटका पोचायचा असेल तर तो याच अवधीत पोचायला हवा. प्रत्यक्षात बहुतेकांचे बोट आवाज कानावर पडल्यावर हलते. तोवर पाय खाली टेकलेला असतो आणि घोडा बादलीकडे पाहत स्थिर उभा असतो, म्हणजे शिक्षा होते ती स्थिर उभे राहण्याची. हे चारदोनदा घडले की घोडा गोंधळतो. कधी लाथा वाढतात, तर कधी तो बादली दिसताच ठाणाच्या मागच्या भिंतीला जाऊन चिकटतो आणि मालकाला वाटते की सुधारला.

याहूनही मोठे कारण बादलीच्या प्रवासात दडलेले असते. आवाज असह्य होतो, शेजारच्या इमारतीतून ओरडा सुरू होतो, आणि घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार काका सगळ्यांत आधी त्याच घोड्यापुढे चंदी ठेवतात. यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. पहाटे साडेपाचला लोखंडी दारावरची लाथ ज्याने ऐकली आहे तो हेच करील. पण घोड्याच्या हिशेबाने लाथ मारल्यावर चंदी आली, आणि रोज न येता अधूनमधून आली तर ती सवय अधिकच चिवट होते. मालक रविवारी कॉलर लावून उभा राहतो आणि उरलेले दिवस लाथेला चंदी मिळत राहते, अशा स्थितीत कोणत्याही पातळीचा झटका टिकाऊ फरक करू शकणार नाही.

म्हणून कॉलर बाजूला ठेवून आधी वाटपाचा क्रम बदलावा. लाथ मारणाऱ्याच्या दारात चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच बादली आत जावी. पाय उचलला गेला तर मोतद्दाराने शांतपणे पाठ फिरवून दुसऱ्या घोड्याकडे जावे आणि परत यावे. सुरुवातीला क्षणभराची शांतता पुरेशी मानावी, मग ती हळूहळू लांबवावी. पहिल्या काही दिवसांत लाथा वाढतील, कारण इतके दिवस चाललेला उपाय अचानक का चालेनासा झाला हे घोडा जोर लावून पाहतो. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. दाराच्या आतल्या बाजूला जाड रबरी चटई ठोकल्याने आवाज मरतो आणि गुडघाही वाचतो. माझ्या मते चंदीच्या वेळच्या लाथांपैकी बऱ्याचशा इथेच थांबतात आणि कॉलरची गरजच उरत नाही.

तरीही ती वापरायची झाली तर ज्याला गुडघ्याची हालचाल ओळखता येते अशा एकाच माणसाच्या हाती रिमोट असावा आणि तो घोड्याच्या नजरेआड उभा असावा. रिमोट धरलेला हात घोड्याला दिसला तर तो एवढेच शिकतो की हा माणूस समोर असताना पाय उचलायचा नाही. शिवाय कॉलर बांधली की झटके आणि काढली की मोकळीक हा संबंधही घोड्याला फार लवकर कळतो. हे टाळण्यासाठी झटक्याचा वापर सुरू करण्याआधी आठवडाभर तरी बंद कॉलर रोज काही तास, वेगवेगळ्या वेळी, नुसतीच बांधावी आणि काढावी. ही पायरी वगळली गेली असेल तर ‘कॉलर काढली की खोड परत’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक तिथेच मिळते.

झटका नेमका कशाशी जोडला जाईल यावर आपला ताबा नसतो, हेही लक्षात ठेवावे लागते. त्या क्षणी घोडा दारातून जाणाऱ्या मांजराकडे पाहत असेल तर तो मांजराला घाबरू लागेल, आणि शेजारच्या घोड्याकडे पाहत असेल तर त्या घोड्यावर दात विचकील. कॉलर सुरू झाल्यापासून एखाद्या कोपऱ्यात न जाणे, ठरावीक माणूस येताच डोके उंच करून डोळ्यांचे पांढरे दाखवणे, पातळ लीद टाकणे, चंदी अर्धवट सोडणे यांपैकी काही नव्याने दिसू लागले असेल तर जोडणी चुकीची झाली आहे असे समजून वापर त्याच दिवशी थांबवावा.

कॉलर लागतच नाही, किंवा कधी लागते आणि कधी नाही

यंत्राचे दोष थोडक्यात सांगता येतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कॉलरी कुत्र्यांसाठी बनवलेल्या असतात. त्यांचा पट्टा घोड्याच्या मानेला अपुरा पडतो, आणि नंतर जोडलेला पट्टा सैल बसून डबी मानेभोवती फिरते. टोके अयाळीवर आली की झटका कातडीपर्यंत पोचत नाही, मालक पातळी वाढवतो, आणि डबी पुन्हा जागेवर सरकली की घोड्याला एकदम जबर झटका बसतो. डबी मानेच्या बाजूच्या स्नायूवर, श्वासनलिका आणि मोठ्या शिरेची खोबण टाळून बसवावी आणि ती जागा खराऱ्याने स्वच्छ करून घ्यावी. कातडी घामाने किंवा पावसाने ओली असली की तीच पातळी कोरड्या कातडीपेक्षा वेगळी लागते, त्यामुळे जूनच्या दमट दुपारी आणि जानेवारीच्या कोरड्या सकाळी एकच आकडा चालेल असे धरून चालू नये.

पातळी नेहमी सर्वांत खालून सुरू करावी. घोड्याची कातडी माशी बसली तरी थरथरते, इतकी ती संवेदनशील असते. कान हलणे किंवा मानेची कातडी क्षणभर आकसणे एवढी खूण पुरेशी आहे; डोके झटकले गेले किंवा घोडा मागे सरकला तर पातळी जास्त आहे. सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर यांमुळे रिमोटचा पल्ला खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी होतो. बेलापूर-नेरुळकडे खाडीच्या खाऱ्या हवेने चार्जिंगच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि रात्रभर लावून ठेवलेली कॉलर सकाळी अर्धीच भरलेली निघते. सोबत चाचणीचा छोटा दिवा मिळाला असेल तर प्रत्येक वापरापूर्वी तो टोकांवर धरून पाहावा.

कुत्र्याचे भुंकणे थांबवणारी, आपोआप चालणारी कॉलर मात्र घोड्याला कधीही बांधू नये. ती गळ्याच्या कंपनावर सुरू होते, आणि घोड्याच्या बाबतीत खिंकाळणे, खोकणे, प्रसंगी चारा चावणेसुद्धा तिला पुरेसे ठरू शकते.

गव्हाणीवर दात रोवणाऱ्या घोड्याचे काय

हवा ओढणाऱ्या घोड्याची गव्हाण ओळखायला वेळ लागत नाही. तिची एक कड दातांनी गुळगुळीत झालेली असते, लाकूड अर्धगोल झिजलेले असते, आणि घोड्याचा वरचा ओठ उचलला तर समोरच्या दातांची पुढची धार तिरकी उतरलेली दिसते. मान कमानीसारखी ताणली जाते, घशातून ढेकरेसारखा आवाज येतो आणि पुन्हा तेच सुरू होते. चंदी खाऊन झाल्यावर लगेच हे सर्वाधिक दिसते आणि या निरीक्षणात अर्ध्या समस्येचे उत्तर आहे.

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असते, पोटात चारा असो वा नसो. त्याला काबूत ठेवते ती लाळ, आणि घोड्याची लाळ मुख्यतः चावतानाच सुटते. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. आपल्या ठाणातला घोडा दोन वेळची चंदी काही मिनिटांत संपवतो आणि संध्याकाळी सातचा चारा नऊपर्यंत उरकून सकाळपर्यंत रिकाम्या गव्हाणीपुढे उभा राहतो. चाऱ्याविना सहा तासांहून मोठे खंड पडणाऱ्या घोड्यांत जठराच्या व्रणांचा धोका वाढलेला आढळला आहे. शर्यतीच्या जातीच्या घोड्यांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्यांना दिवसाला ६.८ किलोपेक्षा कमी चारा मिळत होता त्यांच्यात अशा विकृत सवयींचा धोका अधिक दिसला होता. दूध तोडल्यावर लगेच दाण्यावर चढवलेल्या शिंगरांतही हवा ओढण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. म्हणजे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आपल्याकडे आलेला घोडा ही सवय घेऊन आला असेल, तर तिचे मूळ त्याच्या बालपणात असण्याची शक्यता बरीच आहे आणि नव्या मालकाने तिच्यावर रागावण्यात काही हशील नाही.

अशा घोड्याला दात टेकवताच झटका दिला तर तो दात टेकवणे थांबवतो, पण आम्ल, रिकामे पोट आणि कंटाळा तिथेच राहतात. काही काळ रोखून धरलेले हवा ओढणे बंदी उठल्यावर आधीपेक्षा वाढते, असेही दिसून आले आहे. कॉलर उतरवल्यानंतरच्या पहिल्या दिवशी घोडा जणू सूड उगवतो असे मालक सांगतात, ते याचमुळे. चामड्याचा घट्ट गळपट्टा बांधला तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

इथे उपाय चाऱ्याच्या बाजूने करावा लागतो. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला किमान सहा ते आठ किलो वाळला चारा मिळायला हवा आणि तो शक्य तितका दिवसभर व रात्रीत पसरवून द्यायला हवा. चंदीचे दोन मोठे वाटे करण्याऐवजी तीन-चार लहान वाटे करावेत, आणि चंदीच्या आधी थोडे गवत पोटात जाऊ द्यावे. मुरबाड-वाड्याकडून येणारे वाळके गवत आणि थोडा लसूणघास (लुसर्न) यांचा मेळ चांगला बसतो. लसूणघासातील कॅल्शियमही आम्लाला आवर घालायला मदत करते. नुसता भाताचा पेंढा तोंड चालू ठेवतो, पण त्यात कस कमी असल्याने त्याच्यावरच भागवू नये. रात्रीचा चारा बारीक छिद्रांच्या जाड दोऱ्याच्या जाळीत भरून टांगला तर तो दुप्पट वेळ पुरतो. कोळीवाड्यातून मासेमारीचे जुने जाळे आणून हे काम भागवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नये, कारण त्याचा बारीक नायलॉन दातांत आणि नालेत अडकतो.

झुलणाऱ्या घोड्याला शेजारी दुसरा घोडा दिसेल अशी खिडकी किंवा जाळीची भिंत मिळाली की फरक पडतो. दुसरा घोडाच नसेल तर न फुटणाऱ्या ॲक्रिलिकचा मोठा आरसा ठाणात लावून काही घोड्यांचे झुलणे कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. एकाचे पाहून दुसरा शिकतो या समजुतीने हवा ओढणाऱ्या घोड्याला सर्वांपासून वेगळे बांधण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. नक्कल होते याचा पुरावा कच्चा आहे, आणि एकांतवासाने त्या घोड्याची सवय वाढतेच. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे भोवरे (अंगावरच्या केसांची वळणे) बारकाईने पाहणारा खरीदार त्याचे पुढचे दात आणि मूळ मालकाची गव्हाणही पाहील तर नंतरचा बराच त्रास वाचेल.

पावसाळ्यात सगळे का उलटते

वर्षभर सुधारलेला घोडा जून-जुलैत पुन्हा जुन्या वाटेला लागतो, असे ठाणे परिसरात हमखास घडते. मैदानात चिखल असतो, फिरवणे बंद होते, घोडा दिवसचे दिवस ठाणबंद राहतो. त्यातच गवताचे भारे ओलावतात, बुरशी धरतात, मग मालक गवत कमी करून चंदी वाढवतो. म्हणजे खोडीला लागणारी सगळी सामग्री एकाच महिन्यात जमा होते. मे महिन्यातच कोरडे गवत भरून जमिनीपासून उंच फळ्यांवर रचून ठेवावे आणि पावसाच्या उघडिपीत रोज थोडा वेळ तरी घोडा हातात धरून डांबरी किंवा मुरमाच्या वाटेवर चालवावा. काम थांबले असेल त्या दिवसांत चंदी कमी करावी, गवत नव्हे.

याच दिवसांत कॉलर सर्वाधिक वापरली जाते, आणि याच दिवसांत ती सर्वाधिक अपाय करते. ओल्या फरशीवर दचकलेला घोडा घसरून पडतो. म्होरकीने (तोंडावरच्या दोरीने) बांधलेला असेल तर मागे ओढून मान दुखावून घेतो. बांधलेल्या घोड्यावर, पाठीवर स्वार असताना किंवा माणूस ठाणात शिरलेला असताना बटण दाबणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. कॉलरच्या पट्ट्यात ताण येताच तुटणारा कच्चा दुवा असावा, नाहीतर ती दाराच्या कडीत अडकून घोडा लटकू शकतो. दमट हवेत टोकांखालची कातडी लवकर सोलते आणि तिथे बुरशी किंवा खपल्या धरतात, म्हणून कॉलर रात्रभर मानेवर ठेवू नये आणि रोज उतरवून टोकांखालची जागा बोटाने चाचपावी. लाली किंवा ओलसरपणा जाणवला तर जागा पूर्ण भरेपर्यंत कॉलर बंद.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशी वागणूक देणे गुन्हा ठरतो, आणि जठरात व्रण असलेल्या घोड्याला खोडीपायी रोज झटके देणे ‘आवश्यक’ होते असे पटवून देणे कोणालाही कठीण जाईल. घोडा स्पर्धेत उतरवायचा असेल तर एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत घोड्यावर विजेच्या झटक्याचे कोणतेही साधन वापरणे छळात मोडते.

वाटपाचा क्रम, चारा, सोबत आणि फिरवणे हे सर्व महिनाभर नीट सांभाळूनही खोड तसूभर हलली नाही, किंवा घोडा चंदी सोडतो, वाळतो, पोटाकडे वळून पाहतो असे दिसले, तर पशुवैद्याला दाखवावे. जवळ घोड्यांचा जाणकार नसेल तर परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहेच. हवा ओढणाऱ्या घोड्यांत आतडे अडकून होणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या पोटशुळाचा धोका अधिक असतो, त्यामुळे लोळणे आणि घाम फुटणे दिसताच सकाळची वाट पाहू नये. जठराची तपासणी दुर्बिणीने होते आणि तिच्यासाठी घोड्याला ठरावीक वेळ उपाशी ठेवावे लागते, म्हणून नेण्यापूर्वी फोन करून सूचना विचाराव्यात. सोबत चाऱ्याच्या वेळा व वजने, आणि खोड दिवसाच्या कोणत्या तासाला किती दिसते याची आठवडाभराची नोंद न्यावी. व्रणाचे औषध सुरू झाले की ते संपेपर्यंत कॉलर पेटीतच राहू द्यावी, नाहीतर फरक औषधाने पडला की झटक्याने, हे पशुवैद्यालाही सांगता येणार नाही.